तू चावी न देता गेलीस असं मला वाटलं

प्रिय खतिजा,

काल सकाळी नाझियाचा फोन आला. रविवारी तुझा चाळीसावा दिवस करायचं ठरलंय, त्यासाठी ती शनिवारीच पनवेलहून निघून येतेय आणि उतरणार आहे माझ्याकडे. अम्मीच्या घरात एकटीला झोप लागायची नाही म्हणाली. मी म्हटलं, ये बाय, हेही तुझंच घर आहे. मग ती म्हणाली, "मावशी, अम्मीचा शेवटचा दिवस कसा गेला ते मला नीट ऐकायचंय. फोनवर नको. समोर बसून सांग."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल चहा दोनदा उतू गेला, आज भाताला मीठच घातलं नाही. म्हणून शेवटी ही वही घेऊन पडवीत बसलेय. लेकीला सांगायच्या आधी आईला सांगावं, एवढंच मला सुचतंय. माझं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, असं तू म्हणायचीस. आता लाग म्हणावं वाचायला, तुला तिथे दुसरं काम तरी काय आहे!

एकतीस वर्षं शेजार झाला आपला. मी एस.टी. स्टँडवर माइकवर गाड्या पुकारायची आणि तुझे हसनभाई बोटीवर. ते वर्षातले दहा महिने समुद्रात, आणि माझे हे फिरतीच्या नोकरीत. म्हणजे दोन्ही घरांत बाप्या माणूस असून नसल्यासारखाच. पुढे दोघेही गेले. आपल्या दोघींच्या मध्ये तो कमरेएवढा चिऱ्याचा गडगा आणि त्यात आपणच दोन चिरे काढून केलेली वाट. तुझी नाझिया आणि माझा मंगेश त्या वाटेनं इतके पळाले, की तिथे गवत म्हणून कधी उगवलं नाही.

आणि आपली ती चावीची रीत! कुणी ठरवली गो? मला आठवत नाही. बाजारात जायचं असो, दवाखान्यात, नाहीतर नाट्याला तुझ्या माहेरी, घराला कुलूप घातलं की चावी गडग्यावरून दुसरीच्या हातात. "चल, येते गो," एवढंच म्हणायचं. कुठे, कशाला, कधी येणार, काही विचारायचं नाही. पण चावी आली म्हणजे माणूस बाहेर आणि चावी नाही म्हणजे माणूस घरात. इतकं सोपं. आळीत कुणाला तू हवी असलीस तर लोक तुझ्या दारात नाही, माझ्या दारात यायचे. खतिजा आहे का? आहे. खतिजा गेली का? गेली, चारपर्यंत येईल. मी सांगितलं की प्रश्न मिटला.

तीन वर्षांपूर्वी मी न्हाणीघरात पाय घसरून पडले होते, आठवतं? सकाळचे अकरा वाजले असतील. तू गडग्यावरून दोनदा हाक मारलीस, मी ओ दिली नाही, आणि चावी तर तुझ्याकडे आली नव्हती. म्हणजे मी घरातच. तू मागच्या दाराची कडी कोयत्याने उचकटलीस आणि आत आलीस. मला पाहून आधी शिव्या घातल्यास, मग रडलीस, मग रिक्षा बोलावलीस. मला पडून अर्धा तासही झाला नव्हता. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत म्हणून बरं. तू त्यांना म्हणालीस, उशीर कसा होईल, हिची चावी माझ्याकडे नव्हती ना!

मग आपल्याला दृष्ट कुणाची लागली?

कोपऱ्यावरचं बंद घर विकलं गेलं, तिथे पर्यटकांसाठी खोल्या झाल्या. गणपतीपुळ्याला निघालेल्या गाड्या आपल्या चिंचोळ्या आळीत उलट्या-सुलट्या व्हायला लागल्या. रोज नवे चेहरे. त्यातच एका दुपारी खालच्या घरच्या पडवीतून गॅसचा सिलिंडर आणि तांब्याचं घंगाळ गेलं. झालं! मोबाइलवर आळीचा ग्रुप निघाला. कुणी शिट्टी घ्या म्हणे, कुणी कुत्रा पाळा म्हणे. तू म्हणालीस, "सिलिंडर चोरायला पुण्याहून गाडी करून कोण येतंय गो?" मी हसले. पण आतून घाबरलेच होते, खोटं कशाला सांगू. एकटी बाई, आणि कान आता आधीसारखे राहिले नाहीत.

मंगेशनं पुण्यातून कॅमेरा पाठवला. बसवायला माणूसही त्यानंच पाठवला. मी भात रांधीपर्यंत त्या माणसानं तो मागीलदारी खांबावर ठोकून दिला, माझ्या मोबाइलमध्ये काहीतरी घातलं आणि गेलाही. पुण्यात बसून लेक आईचं मागीलदार राखणार! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण मला बरं वाटलं, खतिजा. मुलगा आपल्याकडे बघतोय असं वाटलं. वर्षातून दोनदा येणारा मुलगा. तू ते समजून घ्यायला हवं होतंस.

आणि मी तुझं समजून घ्यायला हवं होतं. कॅमेऱ्याचं तोंड थेट तुझ्या मागच्या दारावर होतं. तू दुसऱ्याच दिवशी गडग्यापाशी आलीस. चांगल्या शब्दांतच बोललीस तू, मला एकेक शब्द आठवतोय. मंगेश तुझ्या मांडीवर वाढला, पण आता तो मोठा बाप्या आहे, आणि तू मागीलदारी डोक्यावर ओढणी नसताना वावरतेस. तेवढं तोंड जरा फिरवून घे, म्हणालीस. एवढंच. त्यावर मी काय म्हणावं? मी म्हटलं, "मंगेशला पुण्यात दुसरा उद्योग नाही का? आणि तुझ्यात आता बघण्यासारखं राहिलंय काय?"

माझ्या जिभेला हाड नाही हे तुला ठाऊक होतं. याहून वाईट बोलणी तू माझी हसण्यावारी नेलीस. पण त्या दिवशी तू हसली नाहीस. माझ्याकडे बघत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझ्या दाराकडे बघायला तुला कॅमेरा लागायला लागला होय, लता?" आणि आत गेलीस.

त्या दिवसापासून अबोला. सात आठवडे! आधी वाटलं, दोन दिवसांत निवळेल. तू मासे साफ करायला बसलीस की मी मुद्दाम कपडे वाळत घालायला यायची, आणि मी आले की तू पाठ फिरवायचीस. तुझ्या माडाचा नारळ माझ्याकडे पडला तर मी तो गडग्यावर ठेवायची, हाक न मारता. तू तो न्यायचीस, न बोलता. शाळेतल्या पोरींना लाज वाटेल असं आपलं वागणं. आळीत सगळ्यांना कळलं होतं, पण मध्ये कोण पडणार? साठी उलटलेल्या दोन बायकांच्या मध्ये पडायला छाती लागते.

कॅमेरा फिरवायला किती वेळ लागतो माहीत आहे? तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी स्टुलावर चढले आणि नुसत्या हाताने फिरवला. दोन मिनिटंही लागली नाहीत. आता त्यात माझी फक्त तुळस आणि धुण्याचा दगड दिसतो.

पण आता तुझंही सांगते, राग येऊ दे आला तर. अबोल्याच्या तिसऱ्या आठवड्यात तू नाट्याला लग्नाला गेलीस. दोन दिवस. आणि चावी पर्समध्ये घालून गेलीस! एकतीस वर्षांत पहिल्यांदा. कोंबड्या खुराड्यात कोंडून, त्यांच्यापुढे दाणापाणी ठेवून, मला न सांगता. मला ते कळलं संध्याकाळी, दिवा लागला नाही तेव्हा. मी पुढून तुझ्या फाटकातून आत गेले, दाराला कुलूप बघितलं आणि तशीच परत आले. घरी येऊन रडले मी, खतिजा. आमचे हे गेले तेव्हा लोकांसमोर रडले नव्हते, त्या दिवशी तुझ्या त्या कुलपासाठी रडले. अगो, चावी तरी द्यायचीस. न बोलता गडग्यावर ठेवून जायचीस, मी नारळ ठेवायची तशी.

तू परत आलीस तेव्हा मी ठरवलं की आता मरेपर्यंत बोलायचं नाही. असलं ठरवताना माणसाला काही कळत नसतं.

त्यानंतर महिनाभरानं तो बुधवार आला.

बुधवारी संध्याकाळी कोंबड्या कोंडताना तू ओझरती दिसलीस, पण नंतर तुझ्याकडे दिवा लागला नाही. गुरुवारी सकाळी मागचं दार बंद. खुराडंही बंद, आणि आत कोंबड्यांचा नुसता कलकलाट. मी मनाशी म्हटलं, गेली. पुन्हा चावी न देता गेली. या वेळी पनवेलला लेकीकडे गेली असणार, आणि कोंबड्या माझ्या जिवावर टाकून गेली. एवढा राग आला मला! पुढच्या दाराला कुलूप आहे की नाही, हे बघायला वीस पावलं चालायचं होतं. फाटक उघडून आत डोकावायचं होतं. मागच्या वेळी डोकावून रडत आले होते, म्हणून या वेळी गेलेच नाही. कोण आपला अपमान पुन्हा डोळ्यांनी बघायला जातं?

मी काय केलं ते सांगू? कालचा भात वाडग्यात घेतला, आपल्या त्या वाटेनं तुझ्याकडे आले आणि खुराड्याच्या जाळीतून कोंबड्यांना टाकला. आणि मोठ्यानं म्हटलं, "तुमच्या मालकिणीला लाज नाही, तुम्ही तरी खा." तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून खुराडं किती लांब? चार हात.

तू आत पडली होतीस.

तू ऐकलंस का गो ते? हाक मारलीस का मला? तुला आवाज काढता येत होता का? हे मला कुणी सांगणार नाही. माझा पाणी भरायचा पंप सुरू होता, आणि पंप बंद झाला तेव्हा मी टीव्ही लावला. बत्तीस वर्षं माझा आवाज सगळ्या स्टँडभर जायचा. नवशिक्या मुलींना मी शिकवायची, गाडी फलाटावर डोळ्यांनी दिसल्याशिवाय लागली म्हणून पुकारायची नाही, माणसं धावतात आपल्या शब्दावर. आणि तुझ्या दाराशी येऊन "खतिजा" अशी एक हाक नाही मारली मी. कोंबड्यांशी बोलले.

एवढ्यावरही थांबले नाही. गुरुवारी दुपारी मयेकर गुरुजी, आपले शाळेतून निवृत्त झालेले, पेपर परत द्यायला आले. त्यांना तू आदल्या सकाळपासून दिसली नव्हतीस. ते बाजारात जाताना तू त्यांना औषध आणायला सांगणार होतीस म्हणे. त्यांनी विचारलं, "लताबाई, खतिजा दिसत नाही ती?" आणि मी म्हटलं, "गेलीय पनवेलला लेकीकडे."

बहुतेक गेली असेल, असंसुद्धा म्हटलं नाही. गेलीय, म्हटलं. न बघता पुकारलं मी. आणि गुरुजी मागे फिरले, कारण तुझ्याबद्दल लताबाईंनी सांगितलं म्हणजे संपलं. नाहीतर ते गेले असते फाटक उघडून, मला खात्री आहे. आळीतलं कुणीही गेलं असतं. मी सगळ्यांची वाट अडवली.

शुक्रवारी सकाळी सातला नाझियाचा फोन. आदल्या संध्याकाळपासून अम्मीचा फोन बंद येतोय, जरा हाक मारून बघ ना मावशी. तुझा फोन, त्याला कधी चार्जिंग असायचं! मी म्हटलं, अगं, अम्मी तुझ्याकडे आलीय ना? ती म्हणाली, "नाही तर." गडग्याच्या वाटेनं कशी धावले ते मला आठवत नाही. पुढच्या दाराला कुलूप नव्हतं, आतून कडी होती. गुरुजींनी आणि पर्यटकांच्या खोल्या सांभाळणाऱ्या गड्यानं मिळून दार मोडलं.

तू स्वयंपाकघरात कुशीवर होतीस. पाय असा वळलेला. पाण्याचा तांब्या तू ओट्यावरून ओढायला गेली असशील, तो लवंडला होता. मी तुझा हात धरला तर तो अजून पुरता गार झाला नव्हता, खतिजा. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

डॉक्टर आले. जाऊन दोन-तीन तास झाले असतील म्हणाले. मांडीचं हाड मोडलंय, पडल्या कधी? शेवटचं कुणी बघितलं होतं यांना? आणि सगळी आळी माझ्याकडे बघायला लागली. नेहमीच्या सवयीनं. मी म्हटलं, "काल संध्याकाळी. कोंबड्या कोंडत होती." बुधवारची संध्याकाळ मी गुरुवारवर ढकलली. एका दिवसाचाच फरक केला. डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, मग पहाटे उठताना पडल्या असतील, धक्क्यानं गेल्या, फार भोगलं नसेल.

तेच नाझियाला सांगितलं गेलं. तिला सांगणारी मीच. सकाळी फोनवर मी 'तुझ्याकडे आलीय ना' म्हटलं होतं, ते रडण्यात तिच्या लक्षातही राहिलं नाही.

गुरुजी तिथेच उभे होते. गुरुवारी दुपारी तू पनवेलला गेलीस असं मी त्यांनाच सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. चार दिवसांनी ते आले, पेपर नसतानाही आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "मीही वीस पावलं चाललो नाही, लताबाई. विचारलं आणि निघून गेलो. माझ्या तोंडून काही बाहेर पडायचं नाही. पण तुम्ही काय ते बघा." मी त्यांना बसा म्हटलं नाही.

तू शेवटच्या वाटेला लागलीस तेव्हा मी फाटकापर्यंत आले. पुढे बायका जात नाहीत, मला ठाऊक होतं. सगळे पुरुष वळणापलीकडे दिसेनासे झाले आणि मी तिथेच उभी. नाझिया माझ्या गळ्यात पडून रडत होती. सारखं म्हणत होती, मावशी, तू होतीस म्हणून अम्मी दोन दिवससुद्धा एकटी पडून राहिली नाही, मुंबईत माणसं आठ-आठ दिवस पडून असतात. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

पंधरवड्यानं मंगेश फोनवर सहज म्हणाला, आई, कॅमेऱ्यात मागचं सगळं राहतं, तुला बघता येतं. कसं बघायचं तेही त्यानं सांगितलं. मी चार दिवस फोनला हात लावला नाही. मग एका दुपारी बघितलं. बुधवार, साडेपाच. तू दोरीवरचे कपडे काढतेस. कोंबड्या खुराड्यात घालतेस. मग कपड्यांचा गठ्ठा काखेत धरून गडग्याच्या वाटेशी येतेस आणि माझ्या दाराकडे तोंड करून उभी राहतेस. बराच वेळ. डोक्यावर ओढणी घेतेस नीट. एक पाऊल पुढे टाकतेस, पुन्हा मागे घेतेस. आणि वळून आत जातेस.

काय सांगायला आली होतीस? बरं वाटत नव्हतं का तुला? की अबोला सोडायला आली होतीस? मी तेव्हा आत लसूण सोलत बसले होते, मला आठवतंय. एकदा ओरडून हाक मारली असतीस तर! पण का मारशील? मी म्हटलं होतं ना, तुझ्यात बघण्यासारखं काय राहिलंय. कॅमेऱ्यातलं तुझं ते उभं राहणं मी त्या दुपारी नऊ वेळा बघितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं माझं. मला राखायला तू होतीस शेजारी, आणि मी राखण पुण्याहून मागवली.

आता आळीचं ऐक. ग्रुपवर लोकांनी माझं केवढं कौतुक केलं. शेजार असावा तर लताबाईंसारखा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे रोज सकाळी कुणीतरी जाऊन यायचं असं ठरलंय, चांगलंच ठरलंय, आणि त्याचं प्रमुखपण मला दिलंय. मी नको म्हटलं तर म्हणाले, तुमच्याइतकं हे कुणाला कळणार! यादीत पहिलं नाव माझंच आहे, एकटी राहणारी म्हणून. माझ्याकडे कोण येणार त्यापुढे अजून रिकामंच आहे. लताबाईंकडे कुणी जायला कशाला हवं, असं सगळ्यांना वाटतं.

संध्याकाळी मी पडवीत बसते आणि तुझ्याकडचा अंधार बघते. बाजारात जाताना कुलूप लावते आणि चावी हातात घेऊन गडग्यापर्यंत जाते. अजून जाते. मग ती पिशवीत टाकते. कुणाला "येते" म्हणायचं नसलं की घरातून निघताना तोंड इतकं कडू होतं, हे मला ठाऊक नव्हतं. कालपरवा तर मी नुसती पडवीत बसून राहिले, पाव आणायलासुद्धा गेले नाही.

आणि आता खरं ते सांगते, जे सांगायला मला इतकी पानं लागली. तू गेल्यापासून नाझिया मला रोज सकाळी फोन करते. "मावशी, उठलीस का?" एवढंच विचारते. कधी दोन मिनिटं बोलते, कधी तिची बस आलेली असते. माझा मंगेश रविवारी करतो, तोही जमलं तर. पण ही रोज करते. साडेसात वाजत आले की मी फोन मांडीवर घेऊन बसते. दिवसभरात माझं नाव घेणारी, मी उठले की नाही याची चौकशी करणारी या जगात तेवढी एकच उरलीय, आणि ती तुझी लेक आहे. तिला खरं सांगितलं तर तो फोन बंद होईल. होणारच. तिच्या जागी मी असते तर पुन्हा या आळीत पाऊल टाकलं नसतं.

म्हणून गप्प राहिले मी. तिला दुःख होईल म्हणून नव्हे. तसं मी गुरुजींना भासवलं, स्वतःलाही भासवलं, पण तुझ्याशी खोटं बोलून काय उपयोग? मला माझा सकाळचा फोन हवा होता. तुझ्यापासून मी एक अख्खा गुरुवार चोरला आणि त्यावर तुझ्या लेकीची माया खात बसले. आळी ज्या चोराला कॅमेरे लावून शोधतेय तो बरा, त्यानं निदान नुसतं घंगाळ नेलं.

तुला वाटेल, मेल्यावर आता कशाला? लेकीच्या काळजाला डागणी कशाला? मीही तेच म्हणत होते इतके दिवस. पण काल तिनं विचारलं, शेवटचा दिवस कसा गेला. अगो, तो दिवस तिच्या आईचा आहे. तो माझ्याकडे ठेवून घ्यायचा मला काय अधिकार? तू दीड दिवस त्या फरशीवर काढलास, तांब्याकडे हात नेलास, धीर धरलास. आणि तुझ्या मुलीला वाटतंय तू झोपेतून उठताना गेलीस. एवढं सोसलंस ते जगात एका तरी माणसाला ठाऊक असावं, आणि ते माणूस मी नसावं.

तर हे वचन तुला. शनिवारी दुपारी नाझियाची गाडी येईल. ती "मावशी" म्हणून गळ्यात पडायला येईल, तेव्हा मी तिला आधी पडवीच्या पायरीवर बसवीन. पाणी देईन. आणि सांगेन की बाय, तुझी अम्मी बुधवारी संध्याकाळी पडली, शुक्रवारी पहाटेपर्यंत जिवंत होती, आणि ते दोन्ही दिवस मी शेजारच्या घरात होते. भाताचं सांगेन, गुरुजींना काय म्हणाले ते सांगेन, तुझा हात कसा लागला तेही सांगेन. मध्ये रडणार नाही, म्हणजे तिला मला समजवायला लागणार नाही. तिची बॅग मी आत नेणार नाही. बॅग पायरीवरच राहील. सगळं ऐकून झालं की ती उचलून कुठल्या बाजूला जायचं, ते नाझिया ठरवेल.

तुझी शेजारीण,
लता